चाक सतरा इंची करण्याआधी टायरची भिंत मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत एका जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडीच्या नूतनीकरणाची हकिगत पानभर छायाचित्रासह वाचली. रंगकाम सुंदर आहे, क्रोम लखलखीत आहे, आतल्या चामड्याची शिलाई पाहून तर ज्याने केली त्याचा हात हाती घ्यावासा वाटला. पण छायाचित्राखालच्या दोन ओळी वाचून मी थांबले. मूळची १४ इंची चाके काढून १७ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवले, त्यामुळे गाडीची पकड आणि स्थैर्य दोन्ही वाढले, अशा अर्थाचे तिथे छापले आहे. एवढ्या दोन ओळींसाठी हे पत्र. कारण अगदी अशाच आश्वासनावर विसंबून मी माझ्या गाडीला १७ इंची चाके लावली, चौदा महिने चालवली आणि काढून टाकली. त्या चौदा महिन्यांत गाडीचे जे हाल झाले ते आपल्या वाचकांपैकी कुणाच्या गाडीचे होऊ नयेत, असे मनापासून वाटते.

माझी गाडी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी, १९७३ सालची, उघड्या टपाची. ती मामांची. गुडघा साथ देईना आणि क्लच दाबवेना, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “चालव हं. नुसती पुसत बसू नकोस.” मी नोकरीची सगळी वर्षे यंत्रांचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात काढली. हातात सदैव व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. त्यामुळे न मोजता काही विकत घेणे माझ्या स्वभावात नाही. तरीही या बाबतीत मी चुकीची गोष्ट मोजली आणि योग्य ती मोजायची राहिली. ती कोणती, हेच सांगायचे आहे.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. १७९८ सीसीचे साधे, दणकट इंजिन. पॉवर स्टिअरिंग नाही. पुढे विशबोन (चाक धरून वर-खाली हलणारे त्रिकोणी हात) आणि स्प्रिंग, मागे पाट्यांवर बसवलेला सरळ अ‍ॅक्सल. शॉकअ‍ॅब्सॉर्बर आज दिसतात तसे नळकांडीचे नाहीत. तेलाने भरलेली एक छोटी पेटी आणि तिला जोडलेला दांडा, अशी ती लिव्हर पद्धतीची रचना. गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिच्यावर जुन्या क्रॉसप्लाय बांधणीचे ५.६०-१४ मापाचे टायर होते, पुढे १५५ आणि १६५ मिमी रुंदीचे रेडियल आले. माझ्या गाडीवर मूळच्या ५ इंच रुंदीच्या रोस्टाइल लोखंडी रिम आणि १६५ आर १४ मापाचे टायर होते.

आता तो हिशेब. जुन्या टायरवर ‘१६५ आर १४’ एवढेच लिहिलेले असते, उंचीची टक्केवारी लिहिलेली नसते. ती नसेल तर टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचा रबराचा भाग, रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरायचा. १६५ चे ८२ टक्के म्हणजे १३५ मिमी. वर एक भिंत, खाली एक भिंत आणि मध्ये १४ इंचांची रिम, मिळून चाकाची बाहेरून उंची ६२६ मिमी भरते. मला सुचवले गेले होते २०५/४५ आर १७. त्याची भिंत २०५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९२ मिमी. दोन भिंती आणि १७ इंचांची रिम मिळून ६१६ मिमी. फरक १० मिमी, म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९८ च्या आसपास असेल. मला वाटले, झाले! बाहेरची उंची जुळली की गिअरचे गणित जुळले, मीटर जुळला, सगळे जुळले. चाकांचे बहुतेक सगळे तक्ते आणि सगळे विक्रेते एवढाच एक आकडा तपासतात. मीही तेवढाच तपासला.

पण त्याच हिशेबाच्या मधल्या ओळीत दुसरा आकडा होता आणि त्याच्याकडे मी पाहिलेच नाही. भिंत १३५ वरून ९२ वर आली होती. प्रत्येक चाकातले ४३ मिमी हवा-रबर मी काढून टाकले होते आणि त्या जागी धातू आणला होता.

टायरची भिंत हा गाडीचा पहिला स्प्रिंग असतो. रस्त्यावरची बारीक खडी, डांबराचे सांधे, पॅचचे उंचवटे हे सगळे आधी टायर गिळतो. जे उरते ते स्प्रिंगकडे जाते आणि त्यातून जी उसळी येते ती शॉकअ‍ॅब्सॉर्बर आवरतो. ज्या अभियंत्यांनी माझ्या गाडीच्या स्प्रिंगची तार आणि त्या लिव्हर पेटीतल्या झडपा ठरवल्या, त्यांनी त्या या उंच, मऊ टायरला धरून ठरवल्या होत्या. टायर बारीक, जलद हादरे सांभाळेल आणि पेटी मोठ्या, संथ हालचाली, अशी त्यांच्यात कामाची वाटणी होती. मी टायरचे काम काढून घेतले. ते कुणावर तरी पडणारच होते. आठव्या महिन्यात पुढच्या डाव्या पेटीतून तेल झिरपू लागले. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे तिचा सांगाडा आधीच थोडा लवचिक. नव्या चाकांवर डॅशबोर्ड एका तालात थरथरायचा आणि समोरच्या काचेची चौकट दुसऱ्याच. दाराच्या फटीतून पूर्वी कधी न ऐकलेला करकर आवाज यायला लागला. तो आवाज ऐकताना माझ्या पोटात तुटायचे, कारण ती गाडी मामांनी इतकी वर्षे न करकरता ठेवली होती.

हवेच्या दाबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे बहुतेकांचा समज उलटा असतो. या गाडीच्या पुस्तिकेत रेडियल टायरसाठी पुढे २१ आणि मागे २४ पौंड हवा सांगितली आहे. बुटक्या भिंतीच्या टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवता येत नाही. खड्ड्यात रिम थेट रस्त्याला टेकते. मला ३२ ठेवायला सांगितले होते, मी ठेवली. आता सोपा हिशेब करा. एका चाकावर २५० किलो भार धरू. २१ पौंड म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जवळपास दीड किलो दाब. तेवढ्या दाबाला २५० किलो पेलायला रस्त्यावर सुमारे १७० चौ. सेंमी रबर टेकावे लागते. ३२ पौंडांना तोच भार ११० चौ. सेंमीवर पेलला जातो. टायरची स्वतःची बांधणीही थोडा भार घेते, त्यामुळे हे आकडे काटेकोर नाहीत, पण दिशा बरोबर आहे. टायर रुंद केला म्हणून रस्त्यावर जास्त रबर टेकते, हे खरे नाही. टेकणाऱ्या जागेचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी त्या जागेचा आकार ठरवते. माझ्या जुन्या टायरचा ठसा जवळपास चौकोनी होता, नव्याचा आडवा पट्टा. मी दोन्ही ठसे पुठ्ठ्यावर शाई लावून काढले होते, ते अजून माझ्याकडे आहेत.

त्या आडव्या पट्ट्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. कोरड्या, गुळगुळीत वळणावर गाडी खरोखरच जास्त घट्ट बसायची. आखूड भिंत कमी वाकते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवले की उत्तर चटकन येते. शिवाय आजच्या टायरांचे रबर पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरापेक्षा कितीतरी चांगले आहे. पण सुधारणेचे बरेचसे श्रेय रबराचे होते आणि मी ते चाकाच्या आकाराला देऊन बसले होते. हे मला पुढे कळले, त्याच प्रतीच्या रबराचे अरुंद टायर लावल्यावर.

आणि पकड सुटायची कशी, हेही पाहिले पाहिजे. उंच टायर आधी कुरकुरतो, मग थोडा सरकतो, हाताला सांगतो की आता पुरे. रुंद, बुटका टायर शेवटपर्यंत काही सांगत नाही आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. पावसात रस्त्यावर पाणी साचलेले असताना ८० च्या वेगात माझे स्टिअरिंग एकदा क्षणभर रिकामे झाले. त्याच वेगाने जुन्या टायरांवर मी तशा पाण्यातून कितीदा तरी गेले होते. अरुंद टायरला बाजूला सारायचे पाणीच कमी असते.

आता ऑफसेट. चाक विकत घेताना हा शब्द सगळे उच्चारतात आणि फार थोडे मोजतात. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, टेकणारा तिचा चेहरा, या दोहोंतले अंतर म्हणजे ऑफसेट. ५ इंचांवरून ७ इंचांवर गेलात आणि ऑफसेट तोच ठेवलात, तर रिम आत २५ मिमी आणि बाहेर २५ मिमी वाढते. ऑफसेट १० मिमीने कमी असेल तर बाहेर ३५ आणि आत १५. माझ्या चाकांचे तसेच होते. पुढे आतल्या बाजूला अडचण नव्हती, म्हणून विक्रेत्याने त्यांना “बिनधास्त बसतील” म्हटले होते.

बसली. पण पुढचे चाक ज्या किंगपिनभोवती वळते, त्या पिनची रेषा खाली वाढवली तर ती रस्त्याला एका बिंदूत मिळते. त्या बिंदूपासून टायरच्या ठशाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे जणू एक दांडा. चाक जितके बाहेर जाईल तितका तो दांडा लांब. एका चाकाखाली खड्डा आला किंवा एका बाजूचा ब्रेक जरा जास्त धरला की तो दांडा स्टिअरिंगला झटका देतो. जुन्या चाकांवर एका हाताने हलके धरता येणारे स्टिअरिंग मला दोन्ही हातांनी घट्ट धरावे लागू लागले. गाडी उभी असताना वळवायला तर खांदे दुखायचे. हबच्या बेअरिंगवरचा ताणही त्याच कारणाने वाढतो, पण बेअरिंग बोलत नाही, बिघडेपर्यंत गप्प राहते. या गाडीची पुढची चाके मुळात एक अंश बाहेरच्या बाजूला झुकलेली ठेवतात. अरुंद, गोल खांद्याच्या टायरला ते चालते. रुंद सपाट टायर मात्र त्या झुकावामुळे बाहेरच्या कडेवरच उभा राहतो. दोन हजार किलोमीटरमध्ये माझ्या पुढच्या टायरांची बाहेरची नक्षी आतल्यापेक्षा दीड मिमीने जास्त झिजली होती.

मागची गोष्ट जास्त वाईट. मागे अ‍ॅक्सल आणि बॉडी यांची मध्यरेषा अगदी जुळत नाही. माझ्या गाडीत डावीकडे उजव्यापेक्षा ५ मिमी जागा कमी आहे. हे मी चाके घेण्याआधी मोजले असते तर निर्णय तिथेच झाला असता. पहिल्याच दिवशी शेजारी बसणारे माणूस असताना डावा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासला. ज्याने चाके बसवली होती, त्याने हातोडी घेऊन ती कड आत वळवली. मी तिथे नव्हते. परत आले तेव्हा मामांनी जपलेल्या मूळ रंगाला बोटभर तडा गेला होता. तिथे आता गंज धरला आहे आणि तो मी दरवर्षी घासून पुन्हा रंगवते.

एक गोष्ट मात्र अशी झाली की ती थेट जिवावर आली असती. नव्या चाकांसोबत नवे नट दिले होते. या गाडीचे स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते खिळे, अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आटे. स्टड जितका जाड तितकी लांबी तरी नट आट्यांत शिरला पाहिजे, हा आमच्या कामातला पहिला नियम. अर्धा इंच म्हणजे किमान दहा फेरे. सवयीने मी एक नट हाताने उघडून फेरे मोजले. सहा भरले. अलॉय रिमचा मधला भाग लोखंडी रिमपेक्षा जाड असतो, त्यामुळे स्टड आखूड पडत होते. लांब स्टड बसवून घेईपर्यंत मी गाडी जागची हलवली नाही. तसेच नटाचे टोक निमुळते आहे की सपाट, हेही रिमच्या भोकाशी जुळावे लागते. निमुळत्या भोकात सपाट नट कितीही आवळा, तो बसल्यासारखा वाटतो आणि बसलेला नसतो. पुस्तिकेत नट आवळण्याचा जोर ६० ते ६५ फूट-पौंड दिला आहे. नवी चाके लावल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा. कृपया हे कुणीही टाळू नका.

कंपन्यांनीसुद्धा नंतर चाके मोठी केलीच की, असे कुणी म्हणेल. केली. पण कशी केली ते पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये एमजीबीचाच नवा अवतार म्हणून एमजी आरव्ही८ आली. आत ३.९ लिटरचे व्ही८ इंजिन, साधारण १९० अश्वशक्ती. एवढी ताकद असूनही तिला दिलेली चाके १५ इंची होती, टायर २०५/६५. म्हणजे भिंत १३३ मिमी, जवळपास माझ्या मूळ टायरएवढीच! आणि त्या रुंदीसाठी मडगार्ड नव्याने फुगवले, पुढची सस्पेन्शन बदलली, लिव्हरच्या पेट्या जाऊन नळकांडीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आले. पोर्शे ९११ घ्या. १९६५ च्या गाडीला १६५ रुंदीचे टायर साडेचार इंच रुंदीच्या १५ इंची रिमवर होते. १९७८ च्या ३.३ टर्बोला १६ इंची चाके, पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५०. हिशेब केला तर दोन्ही टायरांची बाहेरची उंची ६३२ मिमीच्या आसपास येते, म्हणजे १९६५ च्या चाकापेक्षा दोनेक सेंटिमीटर कमीच. तेरा वर्षांत रिम फक्त एक इंच वाढली आणि तीसुद्धा त्या गाडीला मोठे ब्रेक, रुंद मडगार्ड आणि वेगळी सस्पेन्शन दिल्यावर. मोठ्या ब्रेकना जागा हवी, हे रिम वाढवण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण आहे. उलट दिशेचे उदाहरणही आहे. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ या स्पोर्ट्‌स गाडीला काही बाजारांत त्याच कंपनीच्या प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीला बसणारे २१५/४५ आर १७ टायर मुद्दाम दिले होते, जेणेकरून पकड हळूहळू सुटावी आणि चालवणाऱ्याला गाडी कळत राहावी. ज्यांनी हे ठरवले त्यांना रुंद टायर मिळत नव्हते असे नाही.

मग मी काय केले? यावेळी आधी गाडी मोजली. पुढची स्प्रिंग काढून विशबोनखाली जॅक लावला आणि चाक शेवटच्या टप्प्यापर्यंत वर उचलले. त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दर काही अंशांवर सगळीकडची फट मोजली. फट जिथे दिसत नाही तिथे मऊ मातीचा गोळा चिकटवला आणि दाबला गेल्यावर त्याची जाडी मोजली. मागे डिकीत पूर्ण भार ठेवून तेच केले, दोन्ही बाजूंना वेगवेगळे. मग थर्माकोलचे चाक कापले, ६२२ मिमी उंच आणि १८५ रुंद, आणि ते हबवर बसवून पाहिले. माझा भाचा शेजारी उभा राहून सांगत होता, “मावशी, याला दोन दिवस लागले.” लागले. सतरा इंची चाके निवडायला मला अर्धा तास लागला होता.

शेवटी घेतली १५ इंची, साडेपाच इंच रुंद, आठ आऱ्यांची साधी अलॉय रिम आणि तिच्यावर १८५/६५ आर १५. भिंत १२० मिमी, बाहेरची उंची ६२२ मिमी. मूळ भिंतीपेक्षा १५ मिमीच कमी आणि मूळ उंचीपेक्षा एक टक्क्याहून कमी फरक. ऑफसेट असा निवडला की रुंदीतली सगळी वाढ आत-बाहेर सारखी वाटली जावी. चाक टायरसकट काट्यावर ठेवले तर साडेचौदा किलो भरते. मूळचे लोखंडी साडेसोळा होते आणि १७ इंची १९. स्प्रिंगच्या खालचे हे वजन गाडीच्या दृष्टीने सगळ्यांत महाग वजन. खड्ड्यातून चाक वर उडाले की ते परत रस्त्यावर टेकवण्याचे काम त्याच बिचाऱ्या लिव्हर पेटीला करायचे असते. हवा २४ आणि २६ ठेवते. काच पुन्हा गप्प झाली आहे. स्टिअरिंग मूळच्याइतके हलके नाही, पण एका हाताने धरता येते. वळणावर टायर आधी कुरकुरतो आणि मला कळते.

मी १४ वरच का राहिले नाही, असे विचाराल. जुन्या मापांत चांगल्या प्रतीचे, वेगाला पुरे पडणारे टायर मिळणे कठीण होत चालले आहे आणि १५ इंचांत निवड बरीच आहे. मिशेलिन, पिरेली यांसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या नक्षीचे टायर अजून बनवतात, आणि ज्यांना गाडी तंतोतंत मूळ रूपात ठेवायची आहे त्यांनी तेच घ्यावेत. माझा आग्रह एवढाच की १४ वर राहा, १५ वर जा, मोठे ब्रेक असतील तर १६ वरही जा, पण भिंत किती उरते ते आधी पाहा. आणि टायर घेताना त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २००० सालापासून ते आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र वाळून दगड झालेले असते. माझ्या १७ इंची चाकांसोबत “जवळपास नवे” म्हणून आलेले टायर नऊ वर्षांपूर्वीचे होते, हे मला तिसऱ्या महिन्यात दिसले. भार आणि वेगाची खूणही वाचा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, एस म्हणजे १८०. मूळच्या खुणेच्या खाली कधीही उतरू नका.

ती १७ इंची चाके अजून माझ्याकडे पडून आहेत. दोघांनी विचारली. दोघांच्याही गाड्या माझ्यासारख्याच होत्या, म्हणून दिली नाहीत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतल्या गाडीच्या मालकांनी कदाचित हे सगळे मोजूनच केले असेल. तसे असेल तर त्यांचे काम नुसते सुंदर नाही, शिकण्यासारखे आहे आणि ते आकडे वाचकांना मिळायला हवेत. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे चाके बदललेल्या कोणत्याही जुन्या गाडीचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली पाच गोष्टी छापा: टायरचे जुने आणि नवे माप, भिंतीची जुनी आणि नवी उंची, रिमची रुंदी आणि ऑफसेट, टायरसकट चाकाचे वजन आणि हवेचा दाब. तीन ओळींत मावेल. छायाचित्र पाहून ज्याला तशीच चाके घ्यावीशी वाटतील, त्याच्या हाती निदान मोजपट्टी तरी येईल. आणि त्या गाडीच्या मालकांना माझा निरोप कळवा, की मागच्या डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

आपली नम्र,
एक वाचक